घाटातील गाडी आणि घर्षणाची सीमा
कल्याणपासूनच्या लोहमार्गाच्या इतिहासातील स्थितिशास्त्राचा एक धडा

स्थितिशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात घर्षणाचे प्रकरण थोडक्यात आटोपले जाते. घर्षण म्हणजे घर्षणगुणांक आणि अभिलंब प्रतिक्रिया यांचा गुणाकार, हे सूत्र विद्यार्थी मुखोद्गत करतो आणि उतारावर स्वस्थ असलेल्या ठोकळ्यालाही तेच लावतो. वस्तुतः स्थितिक घर्षणाच्या बाबतीत हे सूत्र घर्षणाचे मूल्य सांगत नाही, तर त्याची कमाल मर्यादा सांगते. त्या मर्यादेच्या आत समतोलासाठी जितके बल लागेल तितकेच घर्षण उत्पन्न होते. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. ठाण्याहून कल्याणला आणि कल्याणहून सह्याद्रीवर गेलेल्या लोहमार्गाचा इतिहास पाहिला, तर ह्याच भेदावर त्याचे यशापयश अवलंबून होते असे दिसून येते.

घर्षणाचे नियम लोहमार्गांपूर्वीच मांडले गेले होते. घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते आणि स्पर्शक्षेत्राच्या विस्तारावर अवलंबून नसते, हे आमोंताँ ह्याने 1699 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. कूलाँब ह्याने विस्तृत प्रयोग करून 1781 मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळविले; स्थिर पदार्थ हलविण्यास लागणारे बल आणि तो हलल्यावर सरकत ठेवण्यास लागणारे बल ही त्याने वेगवेगळी मोजली. तथापि गुळगुळीत लोखंडी रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक पुरेशी पकड घेईल काय, ह्याविषयी पुढेही शंका राहिली. ह्या शंकेपोटीच इंग्लंडमध्ये ब्लेंकिन्सॉप ह्याने 1812 मध्ये दातेरी रूळ आणि दातेरी चाक योजिले. विल्यम हेडली ह्याने 1813 च्या सुमारास विलम येथील खाणीच्या मार्गावर प्रयोग करून दाखवून दिले की इंजिनाचे वजन पुरेसे असेल तर दात्यांची गरज नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. न घसरता फिरणाऱ्या चाकाचा जो बिंदू रुळाला टेकलेला असतो, तो त्या क्षणी रुळाच्या सापेक्ष स्थिर असतो. म्हणून गाडी वेगाने धावत असली तरी तिला पुढे नेणारे घर्षण स्थितिकच असते.

बोरीबंदर ते ठाणे हा 21 मैलांचा मार्ग 16 एप्रिल 1853 रोजी सुरू झाला आणि 1 मे 1854 रोजी गाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेली. हा सारा प्रदेश बहुतांशी सपाट असल्यामुळे घर्षणाची मर्यादा कोठे आहे हे पाहण्याचा प्रसंग येथे फारसा आला नाही. खरा प्रश्न कल्याणच्या पुढे उभा राहिला. तेथे मार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्यावरून थळ घाटाकडे जातो आणि दुसरा कर्जतवरून बोरघाटाकडे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली ह्यांच्या कारकीर्दीत आखलेल्या ह्या दोन्ही चढणींवर सर्वांत तीव्र चढ 37 त 1 इतका आहे. सुमारे 16 मैलांत 1,800 फुटांहून अधिक उंची गाठणारा बोरघाटाचा मार्ग 1863 मध्ये खुला झाला, तर थळ घाटाचा 1865 मध्ये. बोरघाटाचे काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते, आणि रोगराईने व अपघातांनी त्यांतील हजारो दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये मरण पावल्यावर त्याची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले.

इतक्या श्रमाने कातळ फोडून मिळविलेला 37 त 1 हा चढ पायी चालणाऱ्याला जेमतेम जाणवेल. त्याचा कोन सुमारे दीड अंशाचा आहे. तरी गाडीच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. 1,000 टनांची गाडी ह्या चढावर सर्व चाकांचे ब्रेक लावून उभी आहे आणि चाक व रूळ यांमधील घर्षणगुणांक 0.2 आहे असे समजा. वजनाचा उताराच्या दिशेचा घटक सुमारे 27 टनांचा, आणि घर्षणाची कमाल मर्यादा सुमारे 200 टनांची. गाडीवर प्रत्यक्षात घर्षण किती आहे? उत्तर 27 टन हेच. ते 200 टन आहे असे मानले तर 173 टनांचे बल शिल्लक उरेल आणि उभी गाडी आपोआप घाट चढू लागेल! सूत्राचा अविचारी वापर किती विपरीत निष्कर्षाप्रत नेतो, हे ह्यावरून स्पष्ट होते. ब्रेक निकामी झाल्यास हा समतोल बिघडतो. त्याचे कारण रुळाची पकड कमी झाली हे नसून चाके फिरण्यास मोकळी झाली हे होय. घाटातील निसटत्या गाडीला थोपविण्यासाठी चढत्या बाजूस काढलेल्या बगल-मार्गांची योजना ह्याच धोक्यामुळे झाली.

आता हीच गाडी वर ओढावयाची आहे. येथे सर्व चाके उपयोगी पडत नाहीत; केवळ इंजिनाची चालक चाके रुळाला मागे रेटतात. इंजिन 120 टनांचे असेल आणि त्याची सर्व चाके चालक असतील, तर मर्यादा 24 टनांची. परंतु गाडी आणि इंजिन मिळून 1,120 टनांना चढावर केवळ वजनापोटीच सुमारे 30 टन बल लागते. अर्थात इंजिनाची शक्ती कितीही वाढविली तरी चाके जागच्या जागी गरगर फिरतील. तशी ती फिरू लागली की स्थितिक घर्षणाची जागा गतिक घर्षण घेते. ते कमी असल्यामुळे ओढ आणखी घटते. पावसाळ्यात रूळ ओले झाले की मर्यादा आणखी खाली येते, म्हणून चाकांपुढे वाळू सोडतात.

दुसरे इंजिन जोडले की मर्यादा 48 टनांवर जाते आणि गरज 34 टनांच्या आतच राहते. घाटात गाडीला मागून रेटा देणाऱ्या ‘बँकर’ इंजिनांचे मर्म हेच आहे. ती शक्ती पुरवितात, पण त्याबरोबर चालक चाकांवरील वजनही पुरवितात. 1929-30 च्या सुमारास कल्याणपुढील घाट विजेवर आले, बोरघाटातील गाडीची दिशा उलटविण्याचे स्थानक 1929 मध्ये बंद झाले, आणि 1 जून 1930 रोजी दख्खनची राणी मुंबई व पुणे यांच्या दरम्यान धावू लागली. वाफ गेली, वीज आली; परंतु घर्षणाची मर्यादा तीच राहिली. 2019 मध्ये थळ घाटातून जाणाऱ्या राजधानी गाडीला दोन्ही टोकांना इंजिने लावण्यात आली, तेव्हा बँकर जोडण्याचा वेळ वाचला. दोन इंजिनांची गरज मात्र टळली नाही.

ठाणे, डोंबिवली वा कल्याण येथील विद्यार्थ्याला घर्षण शिकविताना टेबलावरील ठोकळ्याइतकाच हा घाटही उपयोगी आहे. प्रथम समतोलाची समीकरणे मांडून आवश्यक घर्षण काढावे, आणि नंतरच ते मर्यादेच्या आत आहे की नाही हे तपासावे. हा क्रम उलटला की गणित चुकते. कल्याणपुढच्या चढावर गाडी किती इंजिनांनी न्यावयाची, हे ठरविणाऱ्यांना तो क्रम उलटण्याची मुभा कधीच नव्हती.