बेधडक : एका चिलखती गाडीची वाटचाल

१९१८ च्या ऑक्टोबरअखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य मोडून पडलं, तेव्हा क्राकूफ शहराजवळच्या प्रोकोचिम इथे त्याच्या चिलखती आगगाड्या उभ्या होत्या. त्यांना हुकूम देणारं सरकारच उरलं नव्हतं. नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी पोलिश सैनिकांनी त्या ताब्यात घेतल्या आणि डब्यांची वाटणी करून दोन गाड्या जोडल्या. एक 'पिऊसुद्चिक', म्हणजे पोलिश नेते पिल्सुड्स्की यांचा माणूस. दुसरी 'श्म्यावी'. पोलिश भाषेत श्म्यावी म्हणजे धीट, बेधडक. या दुसऱ्या गाडीची ही हकीकत.

मूळच्या गाड्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षात बुडापेस्टच्या हंगेरियन सरकारी रेल्वे कारखान्यात तयार झाल्या होत्या. छोटं इंजिन, त्याच्या अंगाला पोलादी पत्रे, मागेपुढे मशीनगनचे डबे. पुढे काही गाड्यांना तोफेचा डबाही जोडला गेला. साम्राज्याच्या गालिसिया प्रांतातल्या आघाडीवर त्या लढल्या आणि युद्ध संपलं. पण या लोखंडाची खरी नोकरी त्यानंतर सुरू झाली.

११ नोव्हेंबर १९१८ ही तारीख आपण शाळेत शस्त्रसंधीची म्हणून पाठ करतो. त्या दिवशी फ्रान्समध्ये तोफा थंडावल्या. त्याच दिवशी सान नदीकाठच्या प्शेमिश्ल गावात पोलिश आणि युक्रेनियन फौजा एकमेकांना भिडल्या होत्या. पोलिशांच्या बाजूला मेजर युलियान स्ताहिएविचची तुकडी होती आणि तिच्यासोबत श्म्यावी. दुसऱ्या दिवशी गाव पोलिशांच्या हाती आलं आणि ल्वूफकडे जाणारा लोहमार्ग मोकळा झाला. आज ज्याला ल्विव्ह म्हणतात तेच हे ल्वूफ. तिथे पोलिश आणि युक्रेनियन यांच्यात १ नोव्हेंबरपासून रस्त्यारस्त्यांत लढाई चालू होती. प्शेमिश्लहून साधारण चौदाशे माणसं, आठ तोफा आणि ही एक चिलखती गाडी निघाली. २२ नोव्हेंबरला युक्रेनियन फौजा शहर सोडून गेल्या.

पोलिश इतिहासात हा दिवस सुटकेचा. युक्रेनियनांच्या लेखी तोच दिवस शहर गमावल्याचा. आणि ल्वूफच्या ज्यू वस्तीसाठी तो तीन दिवसांच्या दंगलीचा पहिला दिवस होता. पोलिश सैनिकांनी आणि शहरातल्या लोकांनी घरं लुटली, जाळली, माणसं मारली. गाडीचं नाव गौरवाचं आहे म्हणून हे गाळता येणार नाही. ज्या रुळांवरून सुटका आली, त्यांच्याच टोकाला हे घडलं.

अशा गाडीला एवढं महत्त्व का आलं, हे समजायला तिथली जमीन डोळ्यांपुढे आणावी लागते. पोलंडच्या पूर्वेला शेकडो किलोमीटरची सपाटी, दलदल, जंगल. पावसात रस्त्यांचा चिखल होतो. फौज थोडी, आघाडी अफाट. बारमाही भरवशाची वाट एकच, लोहमार्गाची. म्हणून १९१९-२० च्या पोलिश-सोव्हिएत युद्धात दोन्ही बाजूंनी अशा गाड्या डझनांनी उभ्या केल्या. स्टेशन घ्यायचं, पूल राखायचा, मागे हटणाऱ्या पायदळाला तोफेचं छत्र द्यायचं, ही त्यांची रोजची कामं.

गाडीची मांडणी पाहण्यासारखी असे. इंजिन नेहमी मधे, कारण ते बंद पडलं की सगळंच संपलं. इंजिनाला लागून हल्ल्याच्या तुकडीचा डबा. उतरून लढणारे जवान यात बसत. दोन्ही बाजूंना तोफांचे डबे, वर फिरते बुरूज. आणि अगदी टोकाला, पुढे एक आणि मागे एक, असे उघडे सपाट डबे. त्यांवर रुळांचे तुकडे, स्लीपर, खिळे, पहारी, जॅक. पुढे रूळ उखडलेला असला तर जवान उतरायचे आणि गोळीबारात रूळ बसवायचे. रुळाखाली सुरुंग असला तर तो आधी या सपाट डब्याखाली फुटायचा. मला या गाडीत सगळ्यात जास्त ओढ या टोकाच्या डब्याची वाटते. तोफांचे फोटो सगळे काढतात. गाडी चालती राहायची ती मात्र पहार आणि स्लीपर यांच्या जोरावर.

तिची दुबळी बाजूही तिथेच होती. रूळ जिथे नेतील तिथेच ती जाणार. मागचा एक पूल उडवला की एवढं पोलाद जागच्या जागी अडकलं. शिवाय रशियन रुळांची रुंदी १५२४ मिलिमीटर आणि पोलंडमधल्या बाकीच्या मार्गांची १४३५. पूर्वेकडे सरकायचं तर आधी रूळ आत सरकवून घ्यावे लागत, मग गाडी पुढे.

शांतता झाल्यावर बहुतेक गाड्या मोडीत निघाल्या. श्म्यावी टिकली. क्राकूफजवळच्या न्येपोवोमित्से इथे चिलखती गाड्यांच्या दुसऱ्या दलाचा तळ होता, ती त्या दलाची झाली. वीस वर्षांत तिच्यात काय काय बदललं ते पाहा. बुडापेस्टचं छोटं इंजिन गेलं आणि प्रशियन बनावटीचं, पोलंडमध्ये 'टीआय-३' म्हणून ओळखलं जाणारं इंजिन आलं. जुन्या तोफा गेल्या. ७५ मिलिमीटरच्या तोफा आल्या. त्या मूळच्या रशियन, पण फ्रेंच गोळा चालावा म्हणून नळी बदललेल्या. जोडीला १०० मिलिमीटरच्या स्कोडा हॉवित्झर. वायरलेस आलं. रुळांवर चालवता येतील असे छोटे रणगाडे टेहळणीसाठी दिमतीला आले. म्हणजे इंजिन प्रशियन, तोफ रशियन, गोळा फ्रेंच, हॉवित्झर चेक. नाव तेवढं पोलिश, आणि ते एकदाही बदललं नाही. पलटणीचं असंच असतं. माणसं निवृत्त होतात, हत्यारं बदलतात, नाव मात्र नव्या भरतीच्या खांद्यावर जातं.

१९३९ मध्ये पोलंडकडे अशा दहा गाड्या होत्या. श्म्यावीचा क्रमांक ५३. १ सप्टेंबरला ती चेन्स्तोहोवाच्या वायव्येला मोक्रा गावाजवळच्या जंगलातून जाणाऱ्या मार्गावर उभी होती. गावात कर्नल युलियान फिलिपोविचची व्होविन घोडदळ ब्रिगेड खंदकांत बसली होती. समोरून जनरल राइनहार्टची चौथी पान्झर डिव्हिजन आली. घोडदळ रणगाड्यांवर भाले घेऊन धावलं, ही दंतकथा अजून सांगितली जाते. मोक्राला ती खोटी ठरते. घोडेस्वार घोडे मागे ठेवून पायी लढले. त्यांच्याकडे ३७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा होत्या, चिलखत भेदणाऱ्या रायफली होत्या आणि पाठीशी ही गाडी होती. जर्मन रणगाडे लोहमार्गापर्यंत पोचले, तेव्हा तिने जवळून मारा केला. गाडीलाही गोळे लागले. संध्याकाळपर्यंत जर्मनांना मोक्रा पार करता आलं नाही. रात्री ब्रिगेड स्वतःहून मागे सरली, कारण दोन्ही बगला उघड्या पडल्या होत्या.

नंतरचे तीन आठवडे माघारीचे. विमानांनी स्टेशनं आणि पूल फोडलेले, मार्गांवर निर्वासितांच्या गाड्यांची गर्दी. श्म्यावी पूर्वेकडे सरकत अखेर ल्वूफला पोचली. जिथून तिचं नाव झालं होतं तिथेच. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत घुसल्या होत्या. २२ सप्टेंबरला शहराने त्यांच्यापुढे शरणागती पत्करली, आणि गाडी 'बार्तोश ग्वोवात्स्की' या दुसऱ्या चिलखती गाडीसह त्यांच्या हाती गेली.

हा पूर्व पोलंड आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. सोव्हिएत ताब्यात गेलेल्या याच मुलखातून १९४० च्या फेब्रुवारीपासून लाखो पोलिश नागरिकांना मालडब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केलं गेलं. वाचलेल्यांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले, आणि १९४३ पासून पाच वर्षं त्यांतली सुमारे पाच हजार माणसं कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या त्या मुलांच्या आठवणीत आगगाडी म्हणजे बाहेरून कडी घातलेला डबा.

गाडीकडे परत येऊ. इथून तिच्या गोष्टीचा क्रम उलटतो. १९३९ पर्यंत लोखंड बदललं आणि नाव राहिलं. आता लोखंड राहिलं आणि नाव गेलं. सोव्हिएत सेवेत तिला 'बेधडक' म्हणणारं कोणी नव्हतं. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा ल्वूफला आल्या आणि गाडी तिसऱ्यांदा हस्तगत झाली. दुरुस्त होऊन ती जर्मनांची '१० क्रमांकाची चिलखती गाडी' बनली. ज्यांच्या रणगाड्यांवर तिने मोक्राला मारा केला होता, त्यांच्याच रसद मार्गांवर पहारा देण्याचं काम तिच्याकडे आलं. १९४४ च्या मार्चमध्ये कोवेल जंक्शनला लाल सैन्याचा वेढा पडला. त्यात तिचं इतकं नुकसान झालं की पुन्हा ती सेवेत आली नाही.

युद्ध संपल्यावर पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, बिएश्चादी डोंगराच्या मुलखात, युक्रेनियन बंडखोरांशी लढाई पुन्हा पेटली. पोलिश रेल्वे सुरक्षा दलाने तेव्हा चार चिलखती गाड्या उभ्या केल्या. डबे जर्मनांकडून हस्तगत केलेले. १९१८ सारखंच. नावं मात्र नवी होती : श्चेचिन, ग्रोम, हुरागान, ब्विस्काविका, म्हणजे एक शहर, मग गडगडाट, वादळ आणि वीज. त्या जर्मन डब्यांपैकी एक, '१६ क्रमांकाचा चिलखती मोटारडबा', वॉर्साच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे. श्म्यावी हे नाव चौघींपैकी कोणालाच दिलं गेलं नाही.