वैरी, रिपू आणि स्तोत्रकर्ता

देहूरोड स्थानकाच्या परिसरात लष्कराची छावणी आहे आणि तेथून काही किलोमीटरवर तुकोबांचे देहू. छावणीत 'शत्रू' म्हणजे सरहद्दीपलीकडचे सैन्य. देहूच्या वाटेवर तोच शब्द कानी पडला की काम-क्रोधादी षड्रिपू आठवतात. मराठी ख्रिस्ती माणूस बायबलातील स्तोत्रसंहिता उघडून शत्रूंपासून रक्षण करण्याची विनवणी करतो, तेव्हा त्याच्या मनात यांपैकी कोणता शत्रू असतो? आमच्या मते, निदान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा तिसराच.

स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांत शत्रू वारंवार येतो. पण तो क्वचितच परका असतो. तिसऱ्या स्तोत्राचे शीर्षक दाविदाच्या पलायनाचे आहे, आणि त्याच्या पाठीवर आहे त्याचाच पुत्र अबशालोम. एकोणसाठाव्यात घरावर पहारा बसवणारा शौल हा त्याचा राजा आणि सासरा. पंचावन्नाव्यातले दुःख तर असे, की घाव वैऱ्याने नव्हे, बरोबर देवळात जाणाऱ्या मित्राने घातला. 109 व्या स्तोत्रातील शाप आजही वाचवत नाहीत. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या रोमन कॅथलिक नित्यप्रार्थनेतून 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे वगळण्यात आली. वैऱ्यांवर प्रीती करा, असे सांगणाऱ्या ख्रिस्ताच्या अनुयायांना ती अवघड वाटावीत हे स्वाभाविकच. तरीही ती वगळणे आम्हांला पटत नाही. स्तोत्रकर्ता शस्त्र उचलत नाही, आपला संताप देवाच्या स्वाधीन करतो. आणि अन्याय सोसणाऱ्याला निदान तेवढी मुभा हवी.

आता नारायण वामन टिळकांकडे पाहू. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे माहेरच्या-सासरच्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवते ते हे, की या कथेत दुष्ट असा कोणीच नाही. विरोध करणारे सगळे मायेचेच लोक आहेत. ते रडतात, रागावतात, जेवू घालतात. अशा माणसांसाठी 'वैरी' हा शब्द कसा वापरावा? धर्मांतरित मराठी कवीपुढे स्तोत्रसंहितेचा हा पेच होता.

तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक सांगत. हे विधान नेहमी भक्तीच्या संदर्भात उद्धृत होते. आम्हांला ते वैराच्या संदर्भातही महत्त्वाचे वाटते. परंपरेनुसार तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या त्या वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी. तुकोबा तेरा दिवस नदीकाठी निराहार बसले. पण त्यांचे भांडण रामेश्वर भट्टांशी नव्हे, विठ्ठलाशी होते. स्तोत्रकर्त्याचेही नेमके असेच असते: गाऱ्हाणे शत्रूचे, जाब मात्र देवाला. पुढे रामेश्वर भट्ट तुकोबांचे भक्त झाले, आणि तुकोबांची सुप्रसिद्ध आरती त्यांच्याच नावावर आहे.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला हा अनुभव अधिक कोरडेपणाने आला. 1889 मध्ये स्थापन झालेल्या शारदा सदनातील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते, या आरोपावरून 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. 'केसरी'चा मारा चालूच होता. (एका टिळकांचे पत्र रमाबाईंवर तुटून पडत असता दुसरे टिळक ख्रिस्ताच्या वाटेवर होते, हा त्या काळाचा एक विलक्षण योग.) पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. ग्रंथ छापून पूर्ण झाला 1924 मध्ये. पंचावन्नावे स्तोत्र मराठीत आणणारीला त्या मित्राची ओळख कोशातून करून घ्यावी लागली नसेल.

टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' उभारला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. 9 मे 1919 रोजी ते गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. 1895 मध्ये नवऱ्याच्या धर्मांतराने जिच्यावर आभाळ कोसळले होते, तिनेच.