ईडन थिएटर, ला सियोता: १८८९ पासूनचं एक चित्रपटगृह

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेयजवळ ला सियोता नावाचं छोटं बंदर आहे. जहाजबांधणीवर जगलेलं हे गाव. तिथे समुद्राकडे तोंड करून पिवळ्या रंगाची एक इमारत उभी आहे, ती म्हणजे ईडन थिएटर. १८८९ मध्ये ते सुरू झालं तेव्हा सिनेमा जन्मालाही आला नव्हता. नाटकं, गाणी आणि कुस्त्या हीच तिथली करमणूक होती.

थिएटरचे मालक राऊल गालो यांची ओळख आंत्वान ल्युमिएर यांच्याशी होती. सिनेमॅटोग्राफ तयार करणाऱ्या ऑग्युस्त आणि लुई या भावांचे हे वडील. ल्युमिएर कुटुंबाचा उन्हाळी बंगला याच गावात होता. आगगाडी फलाटावर येतानाची त्यांची जेमतेम ५० सेकंदांची प्रसिद्ध फिल्मही इथल्याच स्टेशनवर चित्रित झाली. (ती पाहून प्रेक्षक घाबरून पळाले, ही गोष्ट बहुधा दंतकथाच आहे.) ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांचे जे खेळ झाले, त्यांतही ही गाडी होती.

ईडनमध्ये तिकीट लावून सिनेमा दाखवला गेला तो २१ मार्च १८९९ ला. त्यावरूनच ‘जगातलं सर्वांत जुनं चालू चित्रपटगृह’ हा दावा केला जातो. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या वॉशिंग्टन गावचं स्टेट थिएटरही तोच मान सांगतं. तिथे १८९७ मध्येच सिनेमा दाखवला गेला होता. ‘अखंड चालू’ ही अट लावली, तर ईडनचा दावा लंगडा पडतो.

कारण मधली वर्षं वाईट होती. १९८२ मध्ये थिएटरच्या तत्कालीन मालकाचा खून झाला. त्यानंतर नियमित खेळ थांबले आणि थिएटर फक्त चित्रपट महोत्सवापुरतं उघडू लागलं. त्याच दशकात गावची गोदीही बंद पडली, त्यामुळे पैसा घालायला कोण पुढे येणार? पुढे नगरपालिकेने इमारत विकत घेतली, पण १९९५ मध्ये तिला कुलूप लागलं. लगेच पुढच्या वर्षी तिला ऐतिहासिक वास्तूचं संरक्षण मिळालं. तरी डागडुजीला वेळ लागला. स्थानिक सिनेप्रेमींची संस्था त्यासाठी पाठपुरावा करत राहिली. २०१३ मध्ये मार्सेय ‘युरोपची सांस्कृतिक राजधानी’ ठरलं, त्या निमित्ताने निधी आला आणि ऑक्टोबरमध्ये दारं पुन्हा उघडली.

आज तिथे नवे-जुने सिनेमे लागतात. पर्यटकांना इमारतही दाखवली जाते.