टोपी शिवल्यावर खोडलेलं वाक्य

प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'गांधी टोपी कुणालाही घरी सहज शिवता येई.' मार्गदर्शकांनी समासात विचारलं, 'कशावरून?' उत्तर नव्हतं. मग शिवायलाच बसले.

काका कालेलकरांच्या आठवणींत गांधीजींनी सांगितलेली कारणं येतात: पगडीला कापड फार लागतं, काश्मिरी टोपीचा घाट सोयीचा, पांढऱ्यावर मळ दिसतो म्हणून ती धुतली जाते, घडी करून खिशात मावते.

माझा पहिला नमुना जुन्या चादरीचा. घातल्याबरोबर बाजू ढेपाळल्या. दुसरा जाड खादीचा, दुहेरी पट्टीचा. तो उभा राहिला. कापड थोडकंच लागलं, घडीही सपाट बसली. पण पुढचं टोक जमेपर्यंत तीनदा उसवलं.

'सहज' शब्द खोडला. आता माझ्या कच्च्या हातावरून १९२० सालच्या शिंप्याबद्दल काही सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवा. नमुना हा पुरावा नव्हे. त्यातून प्रश्न नेमका होतो. माझा झाला: इतक्या टोप्या शिवल्या कुणी? असहकाराच्या काळातल्या कागदांत सध्या मी शिंपी शोधतेय.

तुमच्या मसुद्यातही एखादं 'सहज' लपलेलं असेल. बघा जरा.