रकान्यांची एकत्र बेरीज

रकान्यांची एकत्र बेरीज : डेटाबेसमधल्या एका टेबलाच्या अनेक रकान्यांची बेरीज प्रोग्रामातून एकाच क्वेरीने मागवणे. ग्रामपंचायतीचा नमुना 9, म्हणजे कर मागणी नोंदवही, हाताळलेल्याला हे नवे वाटणार नाही. जानेफळ (ता. मेहकर, जि. बुलडाणा) घ्या की शेजारचे गाव, घरामागे एक ओळ, ओळीत घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी. रकान्याखाली उभी बेरीज, ओळीच्या टोकाला आडवी. दोन्हींचा मेळ बसला की पान बरोबर.

नवशिका चार रकान्यांसाठी चार क्वेऱ्या पाठवतो आणि तीच वही चारदा चाळायला लावतो. त्याहून वाईट म्हणजे सगळ्या ओळी प्रोग्रामात ओढून तिथे लूप फिरवणे. ‘सिलेक्ट सम(घरपट्टी), सम(दिवाबत्ती), सम(आरोग्य), सम(पाणीपट्टी)’ एवढे एकदाच मागितले तर एका फेरीत काम होते आणि उत्तराची एकच ओळ परत येते. शिवाय चारही आकडे एकाच वेळचे असतात. वेगवेगळ्या क्वेऱ्यांच्या मधे कोणी नोंद केली, तर मेळ बिघडतो. जँगो या पायथनच्या वेब-चौकटीत एकाच ‘ॲग्रिगेट’ला चार ‘सम’ देता येतात. वॉर्डनिहाय हवे असेल तर ‘ग्रुप बाय’.

खरी मेख ‘नल’ची, म्हणजे रिकाम्या नोंदीची. घरात नळ नाही म्हणून पाणीपट्टीचा रकाना नल (नळ आणि नल हा निव्वळ योगायोग). समजा, पहिल्या घराचे 600, 50, 50, 1200. दुसऱ्याचे 400, 50, 50 आणि नल. उभ्या बेरजा 1000, 100, 100, 1200, एकूण 2400. ‘सम’ नलला वगळून पुढे जाते. पण ‘सम(घरपट्टी + दिवाबत्ती + आरोग्य + पाणीपट्टी)’ अशी आडवी मांडणी केली, तर दुसऱ्या घराची अख्खी ओळच नल होते आणि उत्तर येते 1900. नळ नसल्याच्या पुण्याईवर घरपट्टीसकट 500 रुपये गायब, आणि चूक दाखवणारा संदेशही नाही. उपाय ‘कोअलेस(पाणीपट्टी, 0)’. एकही ओळ न सापडल्यास ‘सम’ शून्य नव्हे, नल देते. तेव्हा तेच कवच बाहेरूनही घालावे.

पावत्यांचे टेबल थेट जोडणे हा दुसरा खड्डा : ज्याने तीन हप्त्यांत कर भरला, त्याची मागणी तिप्पट मोजली जाते. पावत्यांची घरनिहाय बेरीज आधी उपक्वेरीत करून घ्यावी, मग जोडावी.