प्लेग आज : गाठीचा ताप ओळखायचा कसा, घाबरायचं किती

मका, सोयाबीन, कापूस घरात आला की उंदीरही घरात येतो. धाड परिसरात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण औषध टाकलेलं नसताना गोदामात चार-सहा उंदीर मरून पडलेले दिसले, की जुनी माणसं हळूच एक शब्द काढतात. कुणी प्लेग म्हणतं, कुणी गाठीचा ताप, उर्दू बोलणाऱ्या घरांत ताऊन. हा आजार पुस्तकात जमा झाला असं आपण समजतो. तसं नाही. फरक एवढाच की आज तो बरा होतो, आणि बरं होणं बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांवर ठरतं. म्हणून ही माहिती.

प्लेग येर्सिनिया पेस्टिस नावाच्या जिवाणूमुळे होतो. 1894 मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधला. मुळात हा माणसाचा आजारच नाही, उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचा आहे. त्यांच्या अंगावरची पिसू तो एकातून दुसऱ्यात नेते. उंदीर मेला की अंग गार पडतं, पिसवा ते सोडतात आणि नवं ऊबदार अंग शोधतात. जवळ माणूस असला तर माणूस. हा पिसूचा दुवा पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवला.

यातून एक गोष्ट निघते जी आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. प्लेगची शंका असेल तर आधी उंदीर मारायचे नसतात. आधी बिळांवर आणि घरात कीटकनाशक मारून पिसवा संपवायच्या, मग उंदीर. उलट केलं तर सगळ्या पिसवा एकदम बेघर होतात आणि माणसांवर येतात.

पिसू चावल्यावर साधारण एक ते सात दिवसांत जोराचा ताप, थंडी, अंगदुखी सुरू होते आणि जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ येते. गाठ तर अनेक कारणांनी येते. पायाला जखम झाली तरी जांघेत अवधण येतं, क्षयात मानेला गाठी येतात. पण क्षयाची गाठ आठवडे-महिने घेते आणि सहसा दुखत नाही. प्लेगची गाठ एक-दोन दिवसांत फुगते, हात लावू देत नाही, आणि सोबत ताप असतो. उपचार न झाल्यास अशा 100 रुग्णांपैकी 30 ते 60 दगावतात. जंतू फुप्फुसात गेला तर खोकल्यातून रक्त येतं, आणि वेळेत औषध नसेल तर वाचणं जवळपास अशक्य. हा फुप्फुसाचा प्रकारच खोकल्याच्या तुषारांतून माणसाकडून माणसाला लागतो. नुसत्या गाठीचा प्लेग शेजारी बसल्यानं सहसा लागत नाही. दोन्हींवर औषध आहे : स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन. नवी किंवा महागडी नाहीत, पण डॉक्टरांनीच द्यायची.

आपल्या शेजारच्या मराठवाड्यात ही परीक्षा 1994 मध्ये झाली. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला आणि मग गाठीचे रुग्ण दिसले. आदल्या वर्षी 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. त्यानंतर सोडलेल्या घरांत धान्य पडून राहिलं, त्यावर उंदीर वाढले, असं स्पष्टीकरण काही अभ्यासकांनी दिलं. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि देश हादरला. काही लाख लोकांनी सुरत सोडली, त्यात खानदेशातले कामगारही होते. दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं, परदेशी विमानं बंद झाली. देशभरात संशयित रुग्ण पाच हजारांवर गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत मात्र चाचणीत पुरावा मिळालेले रुग्ण 693 आणि मृत्यू 56, त्यातले बहुतेक सुरतेतले. आजारापेक्षा अफवा पुढे धावली, असं आम्हाला वाटतं. शेगाव तालुक्यात केस गळू लागले तेव्हा, जानेवारी 2025 मध्ये, आपल्या जिल्ह्यानेही अफवांचा थोडा अनुभव घेतलाच आहे.

त्याआधीची मोठी साथ 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. 1897 मध्ये साथरोग कायदा आला, मुंबईहून हजला जाणारी जहाजं थांबवली गेली, पुण्यात सैनिक घराघरात शिरले. लोक रुग्ण लपवू लागले. मार्च 1898 मध्ये मुंबईत जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका मुलीला नेण्यावरून दंगल उसळली. परदानशीन स्त्रीला परक्या पुरुषाने तपासायचं, हे त्या लोकांना सहन होणं शक्यच नव्हतं. चूक सरकारची होती, पण लपवलेल्या रुग्णाचा जीव त्याच्याच घरात जात होता. याच काळात सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करताना प्लेगनेच 10 मार्च 1897 रोजी गेल्या. हाफकिन यांची लस आली तेव्हा आगाखान तिसरे यांनी ती लोकांसमोर टोचून घेतली, आणि खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. धाकाने झालं नाही ते एका माणसाच्या उघड्या दंडाने झालं.

दीन जाणणाऱ्या वाचकांना यात नवं काही वाटणार नाही. ताऊन पसरलेल्या भागात जाऊ नका, आणि तुम्ही तिथे असाल तर पळून बाहेर पडू नका, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. शामकडे निघालेले हजरत उमर (रजि.) सरग येथून परतले तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं, हे तकदीरपासून पळणं नाही का? उमर (रजि.) यांचं उत्तर असं होतं की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत. सुरतेहून गावोगाव पांगलेल्या गर्दीपुढे हे कुणी सांगायला हवं होतं.

आज जगात प्लेग मुख्यतः मादागास्कर, काँगो आणि पेरूत आढळतो. मादागास्करमध्ये 2017 च्या साथीत 209 मृत्यू झाले. अमेरिकेतही वर्षाला सरासरी सात रुग्ण निघतात. भारतात 2002 मध्ये हिमाचलात शिमला जिल्ह्यात आणि 2004 मध्ये उत्तरकाशीत छोट्या साथी झाल्या, त्या तिथेच आटोक्यात आल्या.

म्हणजे धाडमध्ये मेलेला प्रत्येक उंदीर प्लेगचा नाही. पावसाळ्यात उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिस होण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त. पण औषधाविना एकाच जागी अनेक उंदीर पडले तर हाताने उचलू नका, मुलांना, मांजर-कुत्र्यांना दूर ठेवा आणि सरकारी दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत कळवा. आरोग्य सल्ल्यासाठी 104, रुग्णवाहिकेसाठी 108. तापासोबत दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि उंदीर मेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. महिला डॉक्टर हव्या असतील तर तसं स्पष्ट मागा, पण त्यासाठी घरी थांबून राहू नका. आणि अशा आजारात कुणाचं निधन झालं तर गुस्लआधी आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारा. हातमोजे, मास्क आणि कमीत कमी माणसं, एवढी काळजी घ्यावीच लागते.