हरवलेल्या आज्ञालेखांचा शोध



इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दफ्तरें एवढींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्याचा जन्म होऊन अद्याप पुरतीं शंभर वर्षेंही झालीं नाहींत, त्या संगणकाच्या इतिहासांतही साधनें हरवतात, त्यांच्या जागीं आख्यायिका रुजतात, आणि मग एखादा संशोधक मूळ लेख हुडकून काढून त्यांचा निकाल लावतो. अशा दोन शोधांची हकीकत आज सांगावयाची आहे. विषय संगणकावरील खेळांचा असला, तरी त्यांतील बोध पोरखेळाचा नाहीं.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खेळ रचणारा मनुष्य यंत्राला द्यावयाच्या आज्ञा माणसास वाचतां येतील अशा भाषेंत लिहितो. त्या लेखास सोर्स कोड म्हणतात. त्यावरून नुसत्या आंकड्यांची एक मालिका तयार होते, व बहुधा तेवढीच लोकांच्या हातीं पडते. पुरणपोळी खाऊन तिची चव कळते. पण सुगरणीनें प्रमाण काय घेतलें, कोठें हात आंखडला, कोणती युक्ति योजिली, हें तिच्या टिपणवहीवांचून कळत नाहीं. सोर्स कोड ही ती वही होय.

आतां पहिली हकीकत. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत विल क्राउदर नांवाचा प्रोग्रामर होता. केंटकी राज्यांतील मॅमथ केव्ह या अफाट गुहेचे नकाशे तयार करण्याच्या कामीं त्यानें भाग घेतला होता. घटस्फोटानंतर आपल्या मुलींच्या करमणुकीसाठीं त्यानें १९७५-७६ च्या सुमारास फोरट्रान भाषेंत ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ लिहिला. त्यांत चित्रें नव्हतीं. यंत्र गुहेचें वर्णन शब्दांनीं करी व खेळणारा एकदोन शब्दांत आपली हालचाल सांगे. १९७७ सालीं स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स या विद्यार्थ्यानें क्राउदरच्या संमतीनें तो पुष्कळ वाढविला, आणि ही वाढविलेली आवृत्तिच सर्वत्र पसरली. मूळ मात्र नाहींसें झालें. मग लोक म्हणूं लागले कीं, क्राउदरनें केवळ गुहेची रुक्ष नक्कल केली. जादू, बुटके इत्यादि कल्पनाविलास सर्व वुड्सचा!

पेनसिल्व्हेनिया राज्यांतील इंग्रजीचे प्राध्यापक डेनिस जर्झ यांचें या ऐकीव माहितीनें समाधान झालें नाहीं. स्टॅनफर्ड येथें वुड्सच्या विद्यार्थिदशेंतील खात्याची एक राखीव प्रत शिल्लक होती. तींतून क्राउदरच्या दोन फाइली हातीं लागल्या. एकींत खेळ चालविणाऱ्या आज्ञा, म्हणजे ज्याला आज इंजिन म्हणतात तें. दुसरींत गुहेचीं वर्णनें. २००५ सालीं जर्झ प्रत्यक्ष त्या गुहेंतही उतरले, आणि २००७ सालीं त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. कुऱ्हाड फेकणारा बुटका आणि जादूचा मंत्रशब्द हीं दोन्हीं क्राउदरच्याच लेखांत होतीं, आणि गुणांची मोजदाद ही वुड्सची भर होती, असें त्यांवरून सिद्ध झालें. तीस वर्षें चाललेली समजूत दोन फाइलींनीं खोडून काढली, आणि ज्याचें श्रेय त्याच्या पदरीं पडलें.

दुसरी हकीकत जॉर्डन मेकनर याची. त्याचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ १९८९ सालीं अ‍ॅपल टू या संगणकासाठीं निघाला. धाकट्या भावाला धांवावयास व उड्या मारावयास लावून त्यानें त्याचें चित्रीकरण केलें, आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. यंत्रांत जागा इतकी अपुरी कीं, नव्या शत्रूचीं चित्रें सांठवितां येईनात. तेव्हां राजपुत्राच्याच चित्रांवर गणिती संस्कार करून त्यानें त्याची छायाच शत्रु म्हणून उभी केली. पुढें खेळाची कीर्ति झाली, पण मूळ आज्ञालेख सांपडेना. सुमारें दहा वर्षें अधूनमधून शोध करून, जुन्या सहकाऱ्यांना विचारून विचारून, मेकनरनें अखेर आशा सोडली.

२०१२ च्या मार्च महिन्यांत त्याच्या वडिलांनीं घराची साफसफाई काढली. कपाटाच्या मागच्या बाजूस सांपडलेला एक खोका त्यांनीं न्यूयॉर्कहून मुलाकडे पाठविला. त्यांत साडेतीन इंची तबकड्यांच्या तीन लहान पेट्या निघाल्या. हरवलेला लेख त्यांतच होता! एप्रिलमध्यें जेसन स्कॉट व टोनी डियाझ हे जाणकार जुनीं यंत्रें घेऊन मेकनरच्या घरीं आले, आणि त्यांनीं तबकड्यांवरील मजकूर सुखरूप उतरवून घेतला. लगेच मेकनरनें तो सर्वांना वाचण्यासाठीं गिटहबवर खुला केला. काटकसरीच्या त्या युक्त्या आतां कोणाही अभ्यासकास मुळांतून पाहतां येतात.

या दोन्हीं हकीकतींत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. हे लेख इतिहासासाठीं म्हणून कोणीं जपले नव्हते. एक विद्यापीठाच्या राखीव प्रतींत पडून राहिला, दुसरा बापाच्या कपाटांत. दैव अनुकूल होतें, एवढेंच! कसर लागलेला मोडी कागदही जाणत्याला वाचतां येतो. चुंबकीय तबकडीचें तसें नाहीं. तिच्यावरील खुणा वर्षांमागून वर्षें क्षीण होत जातात, आणि ती वाचणारें यंत्रही जगांतून उठून जातें. म्हणून येथें जतन करणें याचा अर्थ पेटींत बंद करून ठेवणें असा नसून, वेळींच नवी नक्कल करणें असा आहे. आपल्या माळ्यावर असा एखादा खोका असेल, तर तो रद्दींत घालण्यापूर्वीं जाणत्याकडून उघडवून पाहावा, आणि त्याहूनही महत्त्वाचें म्हणजे, हें काम पुढच्या दिवाळीवर ढकलूं नये.